माळव्याच्या गार रात्री आणि एक दिवसाची पिल्लं

दसरा झाला, सोयाबीन घरात आलं, की इंदूरजवळ राऊ, सिमरोल, सांवेर, हातोद या बाजूला मळा असलेल्या बऱ्याच जणांच्या मनात कोंबड्यांचा विचार येतो. झाबुआहून काळ्या कडकनाथची, नाहीतर नर्मदानिधी या सुधारित जातीची पिल्लं सांगून ठेवली जातात. वेळ चांगलीच आहे. पावसाळ्याची ओल सरलेली असते आणि खरी थंडी पडेपर्यंत पिल्लांच्या अंगावर पिसं आलेली असतात. तरीही याच दिवसांत पहिल्या आठवड्यात दहा-पंधरा पिल्लं हकनाक जातात. कारण विचारलं तर ‘थंडी लागली’ एवढंच उत्तर मिळतं.

थंडी हे कारण अर्धंच आहे. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात इंदूरला दुपारी ३१-३२ अंश असतात आणि पहाटे १७-१८. नोव्हेंबरच्या अखेरीला दुपार २८-२९ ची आणि पहाट १२-१३ ची. माळव्याची रात्र माणसांसाठी पूर्वापार नावाजलेली, पण ३०-४० ग्रॅम वजनाच्या जिवाला चौदा-पंधरा अंशांचा हा रोजचा झोका झेपत नाही. रात्री दहाला अगदी बरोबर लावलेली ऊब पहाटे चारला अपुरी पडते आणि तीच दुपारी दोनला पत्र्याखाली भट्टी होते. आठवड्याआठवड्याने ऊब कमी करण्याचा तक्ता सगळीकडे मिळतो. आपल्याकडे त्यासोबत दिवसाचं घड्याळही पाळावं लागतं.

पुढचा सगळा हिशोब ५० पिल्लांचा आहे. पहिल्यांदा पाळणाऱ्याने याहून जास्त आणू नयेत. आणि घरात दोन चांगल्या खुडूक कोंबड्या असतील तर २०-२५ पिल्लांसाठी बल्ब-थर्मामीटरच्या फंदात पडायचीही गरज नाही. या हवेत एक कोंबडी दहा-बारा पिल्लं पंखाखाली नीट सांभाळते. फक्त पिल्लं रात्री अंधारात तिच्याखाली सरकवावीत आणि सकाळी ती टोचत नाही ना, हे पाहावं.

जागा आणि गादी

८ बाय ८ फुटांची कोरडी खोली पुरते. आपली काळी माती पावसाळ्यात प्यालेलं पाणी दिवाळीपर्यंत सोडत राहते, म्हणून मातीच्या जमिनीवर थेट गादी घालू नका. खाली मुरूम ठोकून घ्या किंवा विटा अंथरा. फरशी किंवा कोबा असेल तर ओल नसते, पण तो गारठा धरतो, तिथे गादी जाड हवी. पिल्लं येण्याच्या दोन आठवडे आधी खोली धुऊन, भिंतींना आणि जमिनीला चुना मारून, उघडी ठेवून वाळवावी. उंदराचं एकही बीळ राहू देऊ नका. खिडक्यांना अर्धा इंच भोकाची जाळी लावा, कोंबड्यांची नेहमीची मोठ्या भोकांची जाळी मुंगूस आणि सापाला अडवत नाही.

गादीला सुताराच्या रंध्यातून निघणारी लाकडाची सालपटं सगळ्यांत चांगली. भाताचं तूस मिळालं तर तेही उत्तम, पण आपल्या भागात ते सहज मिळत नाही. करवतीचा बारीक भुगा नको, तो पिल्लांच्या नाकात जातो आणि दाणा समजून ती खातातही. प्लायवुड किंवा एमडीएफच्या कारखान्यातला भुसाही नको, त्यात चिकट रसायनं असतात. गव्हाचा भुसा चालतो, मात्र तो कडकडीत कोरडा हवा. मूठभर नाकाशी धरावा. कुबट वास आला तर तो गुरांनाही घालू नये आणि पिल्लांखाली तर मुळीच नाही. बुरशीचे कण फुप्फुसात बसतात, पिल्लं चोच उघडून धापा टाकत मरतात आणि त्यावर परिणामकारक औषध नाही. यंदाच्या सोयाबीनचं कुटार घरात पडलेलं असतं म्हणून ते वापरण्याचा मोह होतो. ते टोचरं असतं, पाणी सांडलं की लगेच गोळा होतं आणि बुरशी धरतं. ते टाळा.

जाडी पावसाळ्यात दोन इंच पुरते, या हवेत तीन ते चार इंच ठेवा. पहिले तीन दिवस वर तागाची धुतलेली पोती किंवा खडबडीत कागद पसरा, म्हणजे पिल्लं भुसा खाणार नाहीत. गुळगुळीत वर्तमानपत्रावर त्यांचे पाय घसरतात, मांड्या फाकतात आणि तसं पिल्लू पुढे सहसा उभं राहत नाही. वर्तमानपत्रच असेल तर ते चुरगळून पुन्हा पसरा.

कडं

पिल्लांना कोपरा मिळता कामा नये. घाबरली किंवा गारठली की ती कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. थंडीने गेली असं आपण म्हणतो त्यातली कितीतरी पिल्लं अशी चेंगरून गेलेली असतात. म्हणून दीड फूट उंच आणि २० फूट लांब पट्टी घेऊन गोल कडं करायचं. पत्र्याची पट्टी टिकते पण रात्री गार पडते. फ्रिज-कूलरच्या खोक्यांचा जाड पुठ्ठा ऊब जास्त धरतो आणि फुकट मिळतो, एका तुकडीपुरता तोच बरा. सुरुवातीला पट्टीची टोकं एकमेकांवर चार फूट चढवून पाच फूट व्यासाचं कडं करा. चौथ्या-पाचव्या दिवशी ती सरकवून पूर्ण उघडा, व्यास सहा फुटांच्या वर जातो आणि पिल्लामागे अर्धा चौरस फुटाहून थोडी जास्त जागा होते. तिसऱ्या आठवड्यात कडं काढून टाकायचं. पाचव्या आठवड्यापर्यंत पिल्लामागे एक चौरस फूट लागतो.

ऊब

पिल्लाच्या अंगावर असते ती लव. खरी पिसं तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत भरतात, तोवर त्याला स्वतःचं तापमान नीट राखता येत नाही. म्हणून बाहेरून ऊब द्यायची: पहिल्या आठवड्यात ३४-३५ अंश, मग दर आठवड्याला तीन-तीन अंश कमी करत २१-२२ पर्यंत. हे तापमान खोलीचं नव्हे. बल्बच्या उबेच्या कडेला, गादीपासून दोन इंचांवर, म्हणजे पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर थर्मामीटर टांगून ते मोजायचं. भिंतीवर लावलेला थर्मामीटर इथे काही कामाचा नाही.

दमट-उष्ण महिन्यांत पिल्लामागे एक वॅट पुरतो, या दिवसांत रात्री तीन ते चार वॅट धरा. एकच २५० वॅटचा मोठा बल्ब लावण्यापेक्षा १५० वॅटचा एक इन्फ्रारेड बल्ब आणि ६० वॅटचा साधा तारेचा बल्ब, दोन्हींना वेगळं बटण, ही मांडणी जास्त बरी. एक उडाला तर दुसरा सकाळपर्यंत निभावून नेतो आणि दुपारी एकच चालू ठेवता येतो. एलईडी प्रकाश देतो, ऊब देत नाही. ही चूक अजूनही होते, कारण तारेचे बल्ब आता वाण्याकडे मिळेनासे झाले आहेत. महाराणी रोडच्या विजेच्या दुकानांत दोन्ही प्रकार शोधा आणि दोन बल्ब जादा आणून ठेवा.

होल्डर चिनी मातीचा घ्या, इन्फ्रारेड बल्बच्या उष्णतेने प्लॅस्टिकचा वितळतो. बल्ब विजेच्या वायरवर लटकवायचा नाही, साखळीने आढ्याला बांधायचा. साखळी असली की उंची कमीजास्त करणं एका कडीचं काम होतं. बल्बचं तोंड गादीपासून दीड फुटावर ठेवून सुरुवात करा आणि दर आठवड्याला दोन-तीन इंच वर घ्या. याहून खाली आणला तर भुसा पेटू शकतो. इनक्युबेटरसाठी मिळतो तो थर्मोस्टॅट बसवला तर रात्रीची झोप जरा नीट होते, मात्र जोडणी वायरमनकडून करून घ्या आणि त्याच्यावर सगळा भार टाकू नका. त्याचा सेन्सर बल्बच्या थेट खाली आला तर तो लवकर बंद होतो आणि कडेची पिल्लं गारठतात.

कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही ठेवू नका. तिचा विषारी वायू दिसत नाही, वास येत नाही, आणि पिल्लांबरोबर राखणीला झोपलेला माणूसही जाऊ शकतो. वीज नसलेल्या मळ्यावर शेगडी लावावीच लागली तर कोळसा बाहेर पूर्ण लाल करून, धूर संपल्यावर, वरून हात-दीड हात उघड्या असलेल्या खोलीतच ठेवा आणि तिच्याभोवती जाळी उभी करा.

पिल्लं येण्याच्या २४ तास आधी बल्ब चालू करायचे. हे टाळणारे फार आहेत. हवा तासाभरात तापते, गादी आणि खालचा कोबा तापायला दिवस जातो. पोटाखाली गारठा असला की पिल्लू खात नाही, पोटातला बलक पचत नाही आणि चौथ्या-पाचव्या दिवशी बेंबी सुजून मरतं. हाताचा पंजा पाच मिनिटं गादीत खुपसून ठेवा. ऊब जाणवली पाहिजे.

पिल्लं येतात तेव्हा

झाबुआहून इंदूर दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. पिल्लं सकाळी निघून दुपारी पोचतील असं बघा, संध्याकाळी मोटरसायकलच्या मागे खोकं बांधून आणलेली पिल्लं वाऱ्याने अर्धमेली होतात. जीपच्या आत, खोक्याची भोकं उघडी ठेवून आणा. डिकीत मुळीच नको. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून त्या नावाखाली मिश्र पिल्लंही खपवली जातात. अस्सल पिल्लं निळसर काळी असून पाठीवर गडद पट्टे असू शकतात. तेव्हा पट्टा दिसला म्हणून परत करू नका. चोच, पाय आणि कातडी काळपट आहे का, ते पाहा.

आधी पाणी, मग दाणा. पाणी कोमट हवं आणि लिटरला ५० ग्रॅम गूळ विरघळवून गाळलेलं. हे फक्त पहिल्या चार-सहा तासांसाठी. नंतरही गूळ चालू ठेवला तर हगवण लागते, पुढे साधं पाणी आणि पशुवैद्यांनी सांगितलेलं जीवनसत्त्वांचं औषध. एकेका पिल्लाची चोच पाण्यात बुडवून मग सोडा. पन्नासही पिल्लं अशी हातातून जायला पाऊण तास लागतो, आणि अधू, ओल्या बेंबीची पिल्लं तेव्हाच कळतात. पाण्याची दोन भांडी, प्रत्येकी दोन लिटरची, आणि त्यांच्या थाळीत गोट्या किंवा धुतलेले खडे टाका. भिजलेलं पिल्लू या हवेत तासाभरात आटोपतं.

दोन तासांनी दाणा. पहिल्या दिवशी तो अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेवर आणि पोत्यावर पसरा, टिकटिक आवाज ऐकून एकाचं पाहून दुसरं खातं. दोन फुटी, दोन्ही बाजूंनी खाता येईल असं एक भांडं दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून, दुसरं आठवड्याने. दाणा पिल्लांचा स्टार्टरच हवा, २० टक्क्यांच्या आसपास प्रथिनांचा. अंड्यांवरच्या कोंबड्यांचा दाणा जवळ आहे म्हणून घालू नका, त्यातल्या जास्त चुन्याने पिल्लांचे मूत्रपिंड बिघडतात. पहिल्या आठवड्यात पिल्लामागे दिवसाला साधारण १० ग्रॅम, पाचव्यात ३५. एकूण ५० पिल्लांना पाच आठवड्यांना ५० किलोचं एक पोतं सांडलवंड धरून पुरतं.

रात्री झोपण्यापूर्वी दहा पिल्लांचे गळे चाचपा. दाणापाणी पोटात गेलेलं असेल तर गळ्याची पिशवी मऊ, कणकेच्या गोळीसारखी लागते. दहापैकी आठ भरलेले हवेत. रिकामी आहे म्हणजे गारठलं आहे किंवा भांडं सापडलेलं नाही. घट्ट खड्यासारखी लागली तर दाणा खाल्ला पण पाणी प्यालं नाही. मग त्याचे पाय स्वतःच्या गालाला लावून बघा. गार लागले तर थर्मामीटर काहीही सांगो, ऊब वाढवा.

दिवसाचं घड्याळ

पहाटे चार ते सहा ही सगळ्यांत वाईट वेळ. पहिले दहा दिवस साडेतीन-चारला गजर लावून उठायचं, याला पर्याय नाही. दोन्ही बल्ब चालू आहेत का पाहा, पाणी बदलून कोमट भरा. रात्रभराचं गार पाणी प्यायलं की पिल्लू थरथरतं आणि पुन्हा पाण्याकडे जात नाही. कडेची पिल्लं हाताने हलवून उठवा, ती थोडं खाऊन पुन्हा उबेत जातात.

सकाळी नऊनंतर खिडकीवरची पोती वरून दोन फूट खाली करा. पडदे नेहमी खालून बांधलेले आणि वरून उघडणारे असावेत. वारा पिल्लांच्या डोक्यावरून जातो आणि कोंदट हवा बाहेर पडते. उत्तर आणि पूर्वेची बाजू मात्र बंदच ठेवा. ऊब जाईल म्हणून दिवसभर सगळं बंद ठेवणं ही दुसरी मोठी चूक. शीट आणि ओल मिळून अमोनिया होतो. गुडघ्यावर बसून पिल्लांच्या उंचीवर श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर पिल्लं ते चोवीस तास सोसत आहेत.

बारा ते चार पत्र्याखाली तापमान सहज ३८-४० जातं. मोठा बल्ब बंद, पहिल्या आठवड्यानंतर दोन्ही बंद. पत्र्यावर कडबा किंवा तुराट्या टाकल्या तर दुपार आणि पहाट दोन्ही सौम्य होतात, आणि या एका कामाने बल्बची निम्मी धावपळ वाचते. सूर्य मावळायच्या आधी, साडेपाचलाच, मोठा बल्ब चालू करून पडदे वर घ्या, मात्र वरचा एक फूट रात्रीही उघडा ठेवा. गार वाटायला लागल्यावर बटण दाबलं तर गादी गार झालेली असते.

या सगळ्यात खरा थर्मामीटर म्हणजे पिल्लंच. कड्यात सारखी विखुरलेली, काही खाताहेत, काही पसरून झोपली आहेत, बारीक समाधानी चिवचिव चालू आहे, तर सगळं ठीक. बल्बखाली गठ्ठा आणि टिपेची चिवचिव म्हणजे गारठा. कड्याला चिकटून, पंख पाडून, चोची उघडून गप्प बसली तर उकाडा. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसऱ्या बाजूने फटीतून वारा येतो आहे. उदबत्ती लावून धूर कुठे वळतो ते बघा, फट सापडते.

वीज जाण्याची तयारी पहिल्या दिवसापासून करा. १५० अँपिअर-तासांची १२ व्होल्टची चांगली बॅटरी १५० वॅटचा बल्ब सहा-सात तास ओढते. इन्व्हर्टर नसेल तर गरम पाण्याच्या काचेच्या बाटल्या पोत्यात गुंडाळून कड्यात ठेवा आणि दर दोन तासांनी बदला. रात्र लांबली तर भोकं पाडलेल्या खोक्यात तळाला भुसा घालून २५-२५ पिल्लं ठेवा, एकमेकांच्या उबेने ती काही तास तग धरतात. आणखी एक, पिल्लांना अखंड उजेडाची सवय झाली की अंधार होताच ती घाबरून एकावर एक चढतात. म्हणून चौथ्या दिवसापासून रोज दुपारी, हवा गरम असताना, खोली तासभर काळोखी करून त्यांना अंधार ओळखीचा करून द्या. लक्ष्मीपूजनाच्या रात्री हे फार उपयोगी पडतं. त्या रात्री कडं थोडं लहान करा, मंद दिवा चालू ठेवा, खिडक्यांवर दुहेरी पोती टाका आणि फटाके थांबेपर्यंत कोणीतरी आत बसा.

काय बिघडतं

शेपटीखाली शीट सुकून चिकटली तर भोक बंद होऊन पिल्लू मरतं. कोमट पाण्यात कापूस भिजवून ती मऊ करा, ओढून काढू नका, मग पिल्लू कोरडं करूनच कड्यात सोडा. एक-दोघांना झालं तर चालतं. दहाजणांना झालं तर ऊब चुकते आहे.

पाय सुकलेले, सुरकुतलेले दिसले तर पाणी कमी पडतं आहे. नोव्हेंबरची हवा कोरडी असते, त्यात बल्बचा झोत. भांडी बल्बच्या थेट खाली नकोत, उबेच्या कडेला हवीत.

तिसऱ्या आठवड्यापासून रक्ती हगवणीचं भय. पाण्याच्या भांड्याभोवतीची ओली गादी हे तिचं माहेर. भांडी विटेवर ठेवा, म्हणजे पाणी पिल्लाच्या पाठीच्या उंचीला येतं आणि सांडत नाही. भिजलेला भुसा रोज उचला, बाकीचा दर दोन दिवसांनी खालीवर करा. शिटेत रक्त दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर, उद्यावर नाही. पाठोपाठ दोन-तीन पिल्लं कारण न कळता गेली तर ताजं मेलेलं पिल्लू पिशवीत घालून पशुचिकित्सालयात किंवा महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्या. अंदाजाने औषधं घालण्यापेक्षा पोट उघडून पाहिल्यावर पुष्कळ कळतं.

लसी चुकवू नका. मरेक्स रोगाची लस हॅचरीतच टोचलेली असते, विचारून घ्या. पाचव्या ते सातव्या दिवशी राणीखेत रोगाची लासोटा लस, डोळ्यात एक थेंब. चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो रोगाची. चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा. लसीची बाटली २ ते ८ अंशांत, थर्मासमध्ये बर्फ घालून आणायची, फोडली की दोन तासांत संपवायची. १०० मात्रांच्या बाटलीतून ५० पिल्लांना देऊन उरलेली लस ठेवून काही उपयोग नाही. शेजारच्या मळ्याशी बोलून एकाच दिवशी लस लावली तर बाटली दोघांत जाते.

ऊब तोडताना

चौथ्या आठवड्यात पाठीवर, पंखांवर पिसं भरतात, पण पोटाखाली अजून लवच असते. दिवसा बल्ब पूर्ण बंद करा, रात्री चालू ठेवा. मग तीन रात्री फक्त लहान बल्ब, मग तीन रात्री फक्त पहाटेचे तीन तास. पहाट १४ अंशांच्या खाली असेल तर पाच नव्हे, सहा आठवडे घ्या. कडकनाथची पिल्लं सावकाश वाढतात, त्यांना तो सहावा आठवडा द्याच. या दिवसांत जमिनीपासून सहा इंचांवर आडव्या काठ्या बांधा, काही पिल्लं आपणहून वर बसायला शिकतात आणि रात्री चेंगरणं कमी होतं. बाहेर सोडायचं ते आधी ऊन चढल्यावर, अकरा ते तीन, दव वाळल्यानंतर. पहिल्या आठ दिवसांत चारला सगळी मोजून आत घ्या. एखादं कमी भरलं तर तुराट्यांच्या गंजीखाली आणि पाटाच्या कडेला बघा, पिल्लं बहुधा तिथेच दबून बसतात.